गिरजाबाईची उलटी रेघ

“उन्हाळ्यात अख्ख्या गावाची वीज वर चढते. मग हिचीच खाली का उतरते? सांगा ना, बाबा!”

वीज खात्याच्या ढोबळे इंजिनिअरने कागद दाऊदबाबा फकिराच्या पुढ्यात ठेवला. दर गुरुवारी तो बाबांच्या तकियात, त्या फकिराच्या मठीत, येऊन बसे. स्वतःला शिष्य म्हणवी. आज मात्र तो शिकायला आला नव्हता. पकडलेली चोरी दाखवायला आला होता.

कागदावर घरोघरच्या विजेच्या वर्षभराच्या रेघा होत्या. वैशाखात कूलर लागले की प्रत्येक रेघ ताडासारखी उभी. गिरजाबाईची तेव्हा जमिनीला टेकलेली. आणि पौषात उंच.

“उन्हाळाभर तारेवर आकडा टाकते ही. मीटर फिरणार कसं? सकाळीच हिचा फ्यूज काढून आणला.” त्याने शर्टाच्या खिशावर थाप मारली.

गिरजाबाई दारातच, पौषातल्या गारठ्यात उभी होती. कडेवर झाकलेली टोपली.

“माह्या घरी पंखा तरी हाये का, सायेब? उन्हाळ्यात आंगणात झोपतो आम्ही.”

“आणि थंडीत कूलर लावता वाटतं?” ढोबळे हसला.

बाबा हसले नाहीत. त्यांनी उठून टोपलीवरचं फडकं सारलं, आत हात घातला... आणि ढोबळेच्या दुसऱ्या खिशात काहीतरी सोडलं.

“हे काय, बाबा?”

“राहू दे.”

कोंबडीचं पिल्लू होतं. दोन दिवसांचं. ओरडायचंही बळ नव्हतं. ढोबळेच्या छातीला लागून ते थरथरत होतं. थांबतच नव्हतं...

ढोबळेचा हात कागदाकडे गेला. वाटेतच थांबला.

“बाई... अशी किती आहेत?”

“घरी साठ. हिवाळाभर खोक्यात दोन बल्ब लावून जगवते. सकाळपास्नं बल्ब बंद, ही चार पार गारठली, म्हणून संगं आणली.”

ढोबळेने कागद उचलला आणि खिशावर हात धरून गिरजाबाईच्या घराकडे धावत सुटला. टोपली घेऊन ती मागोमाग.

त्याने स्वतःच्या हाताने फ्यूज बसवला. खोक्यातले दोन्ही बल्ब लखकन लागले. खिशातलं आणि टोपलीतली पिल्लंही खोक्यात सोडली. पिल्लं एकमेकांना ढकलत उजेडाखाली गोळा झाली. थोड्या वेळाने एक चिवचिवलं. मग दुसरं. मग सगळं घर भरून गेलं.

“सगळी हायेत! एक नाही गेलं!” गिरजाबाईने अशी आरोळी ठोकली, की शेजारपाजारचे बाहेर आले.

ढोबळेने सगळ्यांदेखत चोरीचा कागद फाडला. बाबा काठी टेकत पोचले, तेव्हा तो उंबऱ्यातच हात जोडून उभा राहिला.

“बाबा, आज मला कळलं. यापुढे प्रत्येक रेघेमागचं घर मी...”

“आधी दार लाव. वारा येतोय.”