रियालांची पारखीण आवडी

फार वर्षांपूर्वीची, वेळशीच्या खाडीत अजून गाळ साचला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा मस्कतेची गलबतं थेट धक्क्याला लागत. इथून तांदूळ, काथ्या नि सुकी मासळी जाई, तिकडून खजूर येई आणि येत रियाल. रियाल म्हणजे चांदीचं थोरलं नाणं. एका अंगाला डोक्यावरून पदर घेतलेली कुठल्याशा दूरदेशीची राणी, दुसऱ्या अंगाला दोन तोंडांचा पक्षी. गोरे लोक असल्या नाण्याला डॉलर म्हणत. वेळशीत मात्र तो रियालच, आणि भिकूशेट पोतदारानं आपल्या दगडी पाटावर वाजवून खरा म्हटल्याशिवाय बाजारात कुणी त्याला हात लावत नसे.

भिकूशेटचा एकुलता एक मुलगा नागेश. ती राणी बघत बघतच तो वाढला. "ही राहते तरी कुठं, ते बघून येतो," म्हणाला, आणि अंगावरची हळद उतरायच्या आत गलबतावर चढला. पावसाआधी परततो, असं बायकोला सांगून गेला. पाऊस आला. नागेश आला नाही. पुढच्या साली गलबतं आली, त्यांतही तो नव्हता.

त्याची बायको आवडी. ती धक्क्यावर जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी. कुणी म्हणे मस्कतेत दिसला, कुणी म्हणे जंगबारला गेला, कुणी नुसतीच मान हलवी. होता होता तिनं माणसांना विचारणं सोडून दिलं. एक दिवस ती पाटापाशी येऊन उभी राहिली.

"मामंजी, ही नाणी तिकडूनच येतात ना?"

"तिकडूनच."

"मग मला ती ओळखायला शिकवा."

बाईमाणूस पाटावर बसल्याचं वेळशीनं कधी पाहिलं नव्हतं. पण भिकूशेटच्या डोळ्यांत पडदा उतरत होता, आणि ज्याला शिकवायचं तो समुद्रापलीकडे. म्हातारा जरा सरकून बसला आणि म्हणाला, "ये, बस."

त्यानं तिला नाणं काठाला धरायला शिकवलं, छापाला बोट लावायचं नाही म्हणून बजावलं. "झीज आधी उंचवट्यावर दिसते, पोरी. राणीचा गाल बघ, केस बघ, पक्ष्याच्या छातीची पिसं बघ. पिसं मोजता आली तर पहिल्या प्रतीचं. गाल सपाट झाला तर दुसऱ्या. नुसती सावली उरली तर मोडीच्या भावाचं." एकदा आवडीनं काळवंडलेला रियाल चिंचेनं घासून लख्ख केला, तेव्हा म्हातारा कळवळला. "अगं, तो काळेपणा म्हणजे त्याचं वय! वय पुसलंस, किंमत पुसलीस." आणि सगळ्यांत शेवटी त्यानं तिला ऐकायला शिकवलं. खरी चांदी लांबवर गात जाते. शिशाच्या पोटाचं नाणं बद्द वाजतं आणि गप्प होतं.

आवडी शिकली, आणि सासऱ्याच्याही पुढं गेली. असं म्हणतात, की नाण्याला भोक पाडून बुजवलेलं असलं तर ते कुठल्या बाईच्या गळ्यात होतं ते ती सांगे. दर्यावर्द्यांच्या बायका नवऱ्यानं धाडलेला रियाल घेऊन तिच्याकडं येत. ती तो वाजवी, कानाशी धरी आणि म्हणे, "छातीशी बांधून ठेवला होता गं. माणूस धडधाकट आहे." असं म्हणतात, की तिचा शब्द कधी खाली पडला नाही. हजारो नाणी तिच्या हातांखालून गेली. प्रत्येक वाजवताना तिचा श्वास अडके, कारण कोण जाणे, हेच नागेशच्या कमरेला राहून आलं असेल. एकही नाणं त्याच्याबद्दल बोललं नाही.

मग एका साली एक परका नाखवा आला. त्यानं गावातली सगळी सुकी मासळी विकत घेतली. साऱ्या कोळणींची वर्षाची मेहनत त्याच्या गलबतात भरली गेली, आणि मोबदल्याची थैली पाटावर आली. कोळणी अंगणात उभ्या होत्या. आवडीनं पहिला रियाल उचलला, तसा नाखवा खाली वाकून हळूच म्हणाला, "बाई, नागेश पोतदार तुझाच ना? डाव्या भुवईवर खोक आहे त्याच्या. जिवंत आहे. ही थैली खरी म्हण. पुढच्या फेरीला त्याला आणून तुझ्या दारात उभा करतो."

भिकूशेट शेजारीच बसला होता. त्याचे डोळे गेले होते, कान शाबूत होते. मुलाचं नाव ऐकताच त्यानं हातानं चाचपत पाटाची कड धरली.

भुवईवरची खोक खरी होती. आवडीनं रियाल दगडावर टाकला. बद्द. दुसरा, तिसरा, थैलीतला एकेक टाकला. बद्द. तिनं अंगणातल्या बायकांकडं पाहिलं, सासऱ्याच्या हाताकडं पाहिलं, आणि मोठ्यानं म्हणाली, "खोटे आहेत. सगळे."

कोळणींनी धक्क्यावर धाव घेतली, मासळी उतरवून घेतली. नाखवा गेला तो परत कधी या किनाऱ्याला फिरकला नाही. अंगण रिकामं झाल्यावर आवडी म्हणाली, "मामंजी, चुकलं का माझं?"

"नाण्यात चुकलं नाही, पोरी," म्हातारा म्हणाला. "बातमी मात्र मला पारखता येत नाही." आणि दोघं पोटभर रडली.

भिकूशेट गेला. आवडी म्हातारी झाली, केस चांदीसारखे झाले, तरी ती पाटावर बसतच राहिली. असं म्हणतात, की एका दुपारी, भरती लागताना, तिनं एक झिजलेला रियाल वाजवला आणि त्याचा आवाज थांबेचना. आवडी ऐकत राहिली; इतकी वर्षं एकही नाणं जे बोललं नव्हतं, ते हे बोलत होतं. तिच्या चेहऱ्यावर नव्या नवरीसारखं हसू आलं. "आले हो, आले," म्हणाली, आणि नाणं मुठीत घेऊन चालत निघाली ती धक्का संपला तरी थांबली नाही. पाणी तिच्या पावलांखाली वाटेसारखं झालं. तो नाद खाडीच्या तोंडापर्यंत ऐकू येत गेला आणि मग समुद्राचाच होऊन गेला.

आता वेळशीला गलबतं येत नाहीत. पण घरोघरी कुणी ना कुणी जहाजावर आहे, कुणी आखातात आहे. तिकडून फोन वाजला की वेळशीची बाई तो लगेच उचलत नाही. आधी समुद्राकडं तोंड करते आणि म्हणते, "आवडीबाय, तू आधी ऐक गं." मग एक श्वास थांबते, आणि मगच आपल्या माणसाला हाक मारते.