पहिला आठवडा कोणाचा?

एकदा एका संगणकगुरूंकडे त्यांचा शिष्य मोठ्या आवेशात आला. एका रुग्णालयाच्या औषधभांडारासाठी त्याने प्रोग्राम लिहिला होता. खोक्यावरची तारीख वाचायची आणि औषध मुदतीत आहे की नाही ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्यात लस पुरवणारा एक जुना व्यापारी सापडला होता. त्याची लस बनल्याच्या आठवड्यातच भांडारात पोचली, तरच ती मुदतीत धरत. त्याच्या खोक्यांवर तारखेऐवजी ती वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनली, तेवढाच आकडा असे; आणि यंदा त्याचं प्रत्येक खोकं मुदतीबाहेर निघत होतं. त्या संध्याकाळी त्याचा पुरवठा कायमचा बंद होणार होता. व्यापारी निकालाची वाट बघत गुरूंच्या दाराबाहेरच बसला होता.

शिष्याचं म्हणणं बिनतोड होतं. गेल्या वर्षी याच प्रोग्रामने याच माणसाचा माल पास केला होता. प्रोग्राम तोच, म्हणजे बदलला तो माणूस! शिवाय हल्ली तो फारच अदबीने बोलतो, हेही शिष्याने पुराव्यात धरलं होतं. संशयाचं हे असंच असतं बघा, त्याला समोरच्याचा नमस्कारसुद्धा खुपतो.

माल कितीने शिळा, असं गुरूंनी विचारलं. दरवेळी बरोब्बर एका आठवड्याने, शिष्य ठासून म्हणाला. गुरू उठले, कात्री घेतली आणि कॅलेंडरमधले जानेवारीचे पहिले तीन दिवस कापून त्याच्या हातावर ठेवले. म्हाताऱ्यालाही व्यापाऱ्याने फितवलं की काय, असं शिष्याच्या मनात येऊन गेलं.

गुरू म्हणाले, “लबाडीचा फरक कधी कमी, कधी जास्त असतो. तो दरवेळी सारखाच निघाला, तर आधी आपलं माप तपासावं. तू एक जानेवारीच्या आठवड्याला पहिला म्हणतोस. कित्येक कारखाने आठवडा सोमवारपासून धरतात आणि ज्या आठवड्याचा गुरुवार नव्या वर्षात पडतो, त्याला पहिला म्हणतात. यंदा वर्ष शुक्रवारी लागलं. म्हणून हे तीन दिवस त्यांच्या लेखी गेल्या वर्षातच गेले, आणि तुझा दुसरा आठवडा तो त्यांचा पहिला झाला. गेल्या वर्षी दोन्ही मोजण्या जुळल्या, म्हणून तुझी चूक झाकली गेली.”

शिष्य खजील होऊन बाहेर गेला आणि त्याने व्यापाऱ्याची माफी मागितली. कारखान्याची मोजणी व्यापाऱ्याला तोंडपाठ होती.

“मला विचारलं असतंत, तर तेव्हाच सांगितलं असतं,” तो म्हणाला.

शिष्याने प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला होता. पण ज्याला मनात चोर ठरवलं, त्याला विचारायचं मात्र त्याला एकदाही सुचलं नव्हतं.