फिडलवाल्या आजोबांनी लय का वाढवली

एकदा एक शिष्या नृत्याची शिक्षिका होण्यासाठी स्कॉटलंडमधल्या एका उन्हाळी शाळेत दाखल झाली. शिष्या म्हणजे काही कोवळी पोर नव्हे. चाळिशी ओलांडलेली, मूळची मिरजेची आणि लग्नानंतर तिकडच्या एका लहानशा गावात स्थिरावलेली संसारी बाई. त्या गावात तिथल्या पारंपरिक समूहनृत्याचा वर्ग भरे. स्त्री-पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात आणि वाद्याच्या लयीवर उड्या घेत, हात धरत, जागा बदलत नाचतात, असा तो नाच. वर्गाच्या शिक्षिका आता थकल्या होत्या. परीक्षा उत्तीर्ण झालेले दुसरे कोणी मिळाले नाही, तर वर्ग बंद होणार होता. परक्या देशात हिला आपले म्हटले ते प्रथम याच वर्गाने. तो बंद पडू नये म्हणूनच ती परीक्षेला बसली होती.

या शाळेत यंत्रावरच्या संगीताने काम भागवत नसत. प्रत्येक वर्गाला वादक असे, आणि शिक्षकाने सांगावे तसे त्याने वाजवावे अशी रीत होती. शिष्येच्या वाट्याला एक वृद्ध फिडलवादक आले; व्हायोलिनला तिकडे फिडल म्हणतात. तिकडे लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात; हिच्या तोंडून मात्र ‘आजोबा’ निघून गेले. अर्थ कळल्यावर म्हातारबुवा असे खुलले, की तिने नावाने हाक मारली तर ते ओ देईनात.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सरावाचा वर्ग होता. नाचायला नवखी मंडळी उभी होती. त्यांत एक उंच, निवृत्त पाववाला होता आणि एक भित्र्या स्वभावाची बाई होती. शिष्येने नाच समजावून सांगितला. फारच समजावून सांगितला. सगळ्यांना संगीताशिवाय चालवून पाहिले, मग पुन्हा समजावले, कोणाचे काय चुकू शकते तेही आधीच सांगून ठेवले, आणि आजोबांना खूण केली.

सूर निघाला, मंडळींनी जोडीदाराला लवून नमस्कार केला, आणि पुढच्याच वळणावर सगळा गोंधळ उडाला. पाववाला भलत्याच रांगेत जाऊन उभा राहिला. भित्र्या बाईंनी ज्याचा हात धरला, तो त्यांचा जोडीदार नव्हताच.

“आजोबा, लय जरा कमी करा,” शिष्या म्हणाली.

आजोबांनी लय कमी केली. शिष्या कडेने धावत ओरडू लागली, “आता डावीकडे! हात द्या! अहो, तो नव्हे, दुसरा!” घोळ आणखी वाढला. तिने लय अजून उतरवायला सांगितली आणि आजोबांनी निमूटपणे उतरवली. आता तर पाय जमिनीला टेकून मोकळा होई आणि सूर मागून येई. मंडळी मध्येच थांबत, तिच्या तोंडाकडे पाहत, आणि पाहता पाहता जागा चुकत.

“आणखी हळू,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

तेव्हा आजोबांनी विलक्षण गोष्ट केली. ते खुर्चीतून उठले, फिडल हनुवटीखाली धरले आणि तिच्याकडे न पाहता भरधाव वाजवू लागले. लय अगदी पहिल्याइतकी, किंबहुना किंचित चढीच! शिष्या अवाक् झाली. तिचे ओरडणे थांबले. आणि समोर ती सगळी मंडळी नाचत होती. चुकत होती, हसत होती, पण नाचत होती! पाववाला आपल्या जागी वेळेवर पोहोचला आणि स्वतःच चकित झाला.

वर्ग संपल्यावर ती आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. राग यावा की पाया पडावे, तिला कळेना.

“आजोबा, मी हळू म्हटले आणि तुम्ही लय वाढवलीत. उद्या परीक्षेत असे केलेत तर मी बुडाले! आणि त्यांना जमले तरी कसे? माझे डोकेच चालेनासे झाले आहे.”

आजोबा म्हणाले, “पोरी, उडी कधी हळू मारता येते का? वर गेलेला माणूस आपल्या वजनाने खाली येतो, तो काही तुझ्या सांगण्याची वाट पाहत नाही. मी लय उतरवली की त्याचे पाऊल सुराच्या आधी पडते आणि तो विचार करत बसतो. चालून चालून नाच त्यांच्या पायांत उतरला होता. पण त्यांचे कान तू अडवून ठेवले होतेस, मग त्यांनी फिडल ऐकावे कधी? तू मला हळू हो म्हणत होतीस, घाई मात्र तुझ्या जिभेला झाली होती.”

“मग हे आधी का नाही सांगितलेत?”

“शिक्षकाचे ऐकायचे, ही रीत. मी ऐकत गेलो. शेवटी त्या बाईंचा चेहरा पाहवेना.”

शिष्येला हे पटले आणि पटलेही नाही. अडखळणाऱ्याला मदत करायची नाही, तर शिक्षक हवा कशाला? या प्रश्नाने तिला जेवण गोड लागले नाही.

परीक्षेत नाचायला तीच मंडळी होती, आणि नेमक्या त्याच भित्र्या बाई गडबडल्या. त्यांनी केविलवाणेपणाने शिष्येकडे पाहिले. परीक्षकांच्या नजराही तिच्यावरच होत्या. ‘हळू’ हा शब्द तिच्या ओठांवर आला. आपण बरोबर करतो आहोत की वर्गाचा घात करतो आहोत, हे तिला त्या क्षणीही ठाऊक नव्हते. ती काही बोलली नाही. बाईंना जिथे पोहोचायचे होते त्या जागेमागे जाऊन ती नुसती उभी राहिली. बाईंनी तिला पाहिले, उडी घेतली आणि त्या पोहोचल्या.

नंतर एका परीक्षकांनी विचारले, “त्या बाई गोंधळल्या होत्या. तुम्ही लय कमी का करून घेतली नाही?”

शिष्येने उत्तरे पाठ केली होती. त्यांतले एकही आठवले नाही.

“त्या तेव्हा उडी घेत होत्या,” ती म्हणाली. “हवेतल्या माणसाला हळू हो कसे म्हणू?”

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी सावकाश मान हलवली. ती उत्तीर्ण झाली, गावचा वर्ग टिकला. आणि तिथे नवखे कोणी अडखळले, की वर्गाच्या या नव्या बाई एकाएकी गप्प का होतात, याचा पुष्कळांना अचंबा वाटतो.

शिकणारा गोंधळला, की आपण जग त्याच्यासाठी संथ करायला धावतो; त्याआधी आपण घटकाभर गप्प राहून पाहावे.