भारुंड पक्ष्याचा उक्ता भाव

एका राज्यात सात सुळक्यांचा डोंगर होता. तो ओलांडायला पायी नऊ दिवस लागत. पुढे तिथे मायाक्ष नावाचा मांत्रिक आला. त्याच्यापाशी भारुंड पक्षी होता. पोट एक, डोकी दोन, आणि पाठ अशी रुंद की वीस माणसं मांडी घालून बसावीत. मायाक्षाने दवंडी पिटवली, "एका कवडीत डोंगरापल्याड!" लोकांनी रांगा लावल्या.

भारुंडाचं डावं तोंड जमिनीवर बोले, गोड बोले, आणि भाव सांगे एक कवडी. उजवं तोंड उघडे ते ढगांत गेल्यावर. ते म्हणे, "बसायचं तर सावली ठेवा. गाठोडं असेल तर हसू ठेवा." तिथून उडी कोण मारणार? लोक मुकाट्याने देत, खाली उतरून मांत्रिकाच्या नावाने बोटं मोडत, "पुन्हा या पाखरावर पाय ठेवणार नाही" अशी शपथ घेत, आणि परतीला पुन्हा रांगेत उभे राहत. काही दीडशहाणे गाठोडं चुकवायला सात अंगरखे एकावर एक चढवून येत आणि बसल्या जागी घामाघूम होत. खुद्द राजा धैर्यकेतू आपलं हसू गमावून बसला होता. पण एका कवडीच्या मोहापायी फसलो, हे भरदरबारात सांगायचं कसं? म्हणून तो गप्प राहिला. मोठ्यांची लाज प्रजेला अशी महाग पडते.

त्या राज्यात आवडाई नावाची सुईण होती. तिची लेक डोंगरापल्याड दिलेली. एके सकाळी साळुंकी निरोप घेऊन आली, "आवडाई, निघ. लेकीला कळा लागल्या. मूल आडवं आहे." नऊ दिवस चालायला सवड कुठली? आवडाई भारुंडावर चढली.

ढगांत उजवं तोंड उघडलं. "बसलीस. सावली ठेव."

"ठेवली." बाळंतपणात सावलीचं काही काम नसतं.

"गाठोडं आहे. हसू ठेव."

आवडाईने गाठोडं सोडलं. डिंकाचे लाडू सहप्रवाशांना वाटले, दुपटी कमरेला गुंडाळली, रिकामं फडकं डोक्याला बांधलं. "कुठे आहे गाठोडं?" तोंडाने हसू मागणं सोडलं.

एवढ्यात लेकीचं घर दिसू लागलं. परसात पाणी तापत होतं, त्याचा धूरही दिसला. पण भारुंड उतरेना. तो घिरट्या घालू लागला.

"उतरायचं तर हातांची ऊब ठेव."

गारठलेल्या हातांनी आडवं मूल फिरवणार कसं? शेजारी बसलेला सराफ लाडू खात म्हणाला, "अहो बाई, देऊन टाका की! आमचा खोळंबा होतोय."

"जरा थांबा हो." ती उजव्या डोक्याकडे वळली. "पक्षिराज, हे खालीच का नाही सांगितलंत?"

"खाली मला कुणी विचारत नाही. डाव्यालाच विचारतात."

"आणि दोघं मिळून कधी बोलता?"

"तसं कुणी विचारलं नाही. विचारलं तर सांगणं आम्हांला भाग आहे."

आवडाईला मोठं नवल वाटलं. सुइणींचा रिवाज असा, की लुगडं काय, नारळ किती, ते उंबरठ्याबाहेरच उक्तं ठरवायचं. नाळ कापल्यावर वर एक सुपारीही मागायची नाही. अडलेल्या बाईकडून जी जास्त मागते, तिला सुईण म्हणत नाहीत.

"मग दोघांना मिळून विचारते. डोंगरापल्याड जायचं उक्तं किती? एका दमात सांगा."

दोन्ही तोंडं एकदम उघडली. "एक कवडी, एक सावली, एक हसू, एक ऊब!"

मायाक्षाची सारी माया अर्ध्या भावावर उभी होती. पुरा भाव उच्चारला गेला, तशी ती कोसळली. सावल्या नि हसू कोंडून ठेवलेले त्याच्या गुहेतले रांजण तडकले. सावल्या धावत आपापल्या धन्यांच्या पायांशी गेल्या. दरबारात राजा खो खो हसला आणि हसता हसता सगळी हकिकत सांगून मोकळा झाला. मांत्रिकाला पायीच राज्याबाहेर घालवलं. भारुंड मांत्रिकाच्या तावडीतून सुटला, पण उडणं त्याने सोडलं नाही. आता त्याची दोन्ही तोंडं जमिनीवरच बोलतात.

आवडाई परसात उतरली ती तडक आत गेली. लेक म्हणाली, "आई, आता नाही गं सोसवत."

"मी आले ना." आवडाईने तिच्या पोटावर हात ठेवले. मूल हळूहळू फिरलं. दिवस मावळायच्या आत नात जन्मली, आजीच्या उबदार ओंजळीत रडली.

जशी आवडाई सुखरूप भुईवर आली, तशी तुम्हीआम्ही येऊ.