टिकलीचा दाणा आणि झोपलेला अंगठा

ऐक हं. एक मुंगी होती. केवढी? कपाळावरच्या बारीक टिकलीएवढी. म्हणून तिचं नावच टिकली.

टिकली राहायची भिंतीच्या फटीत. तिथे मुंग्यांचं एक बाळ होतं. पांढरं, गुबगुबीत. त्याला अजून पाय फुटले नव्हते. मग ते खाऊ आणायला कसं जाणार? ताया रोज आणून भरवायच्या. आज पहिल्यांदाच टिकलीची पाळी होती.

या फटीतल्या मुंग्यांची एक रीत होती. माणसाच्या अंगावर चढलं, तर पाय लागू द्यायचा नाही, पाऊल पडलेलं कळूच द्यायचं नाही. पाय लागला की वरून चापट येते, असं सगळ्या ताया सांगायच्या. टिकली तर अलगद चालण्यात सगळ्यांच्या पुढे. ती चालली, तर चाललेलं कुणाला कळायचंसुद्धा नाही.

खोलीत रेवूची आई मशीनवर ब्लाऊज शिवत होती. खट खट खट. शेजारी चटईवर रेवू झोपली होती. राजगिऱ्याचा लाडू खाता खाताच झोपली. लाडवाचा एक दाणा चटईवर पडला होता.

टिकलीने दाणा पाहिला. दाणा धरला. आता उचलणार, तेवढ्यात रेवूने कूस बदलली. तिचा हात आला. धप. दाण्यावर अंगठा पडला.

टिकलीने अंगठा ढकलला. हं. ओढला. हं. डोक्याने रेटला. हंऽऽ. अंगठा जागचा हलेना.

टिकलीला रडू आलं. तिने ते गिळून टाकलं. बाळ भुकेलं होतं. शिवाय ब्लाऊज झाला, की आई केर काढणार. तिचं रोजचंच होतं ते. झाडू फिरला, की दाणा गेला.

टिकलीने सहाही पाय रोवले. म्हणाली, "दाणा घेतल्याशिवाय मी घरी जात नाही."

आणि ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पण अलगद, अलगद.

ती अंगठ्यावर चढली. नखाला मिशा टेकवल्या. "अंगठेबुवा, अंगठेबुवा, उठा ना. तुम्ही उठत नाही, दाणा सुटत नाही, आणि दाणा घेतल्याशिवाय मी घरी जात नाही."

अंगठेबुवा जाडजूड. मस्त लोळत पडलेले. ते म्हणाले, "मी नाही उठायचा. मी आपणहून कुठे उठतो? दोरी ओढते, तेव्हा मी उठतो. जा, दोरीला सांग."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पण अलगद, अलगद.

मनगटापाशी, कातडीच्या खाली, एक दोरी होती. पांढरी आणि चिवट. तिचं एक टोक अंगठ्याला बांधलेलं. टिकलीने मिशा टेकवल्या. "दोरीताई, दोरीताई, ओढ ना.
दोरी ओढत नाही,
अंगठा उठत नाही,
दाणा सुटत नाही,
आणि दाणा घेतल्याशिवाय मी घरी जात नाही."

दोरीताई म्हणाली, "मी नाही ओढायची. मी नुसती दोरी. स्नायू आखडतो, तेव्हा मी ओढते. जा, स्नायूला सांग."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पण अलगद, अलगद.

कोपराच्या अलीकडे, कातडीच्या खाली, स्नायू होता. झोपेत सैल पडला होता. टिकलीने मिशा टेकवल्या. "स्नायूदादा, स्नायूदादा, आखड ना.
स्नायू आखडत नाही,
दोरी ओढत नाही,
अंगठा उठत नाही,
दाणा सुटत नाही,
आणि दाणा घेतल्याशिवाय मी घरी जात नाही."

स्नायूदादा जरा फुशारकी मारणारा. त्याच्या पोटात म्हणे हजारो धागे होते. ते एकमेकांत सरकले, सर् सर् सर्, की तो आखूड व्हायचा. आखूड झाला, की दोरी ओढली जायची. ढकलायला मात्र त्याला येत नव्हतं. ते त्याने हळूच सांगितलं.

"मग आखड ना," टिकली म्हणाली.

"मी नाही आखडायचा," स्नायूदादा म्हणाला. "तंतू निरोप देतो, तेव्हा मी आखडतो. जा, तंतूला सांग."

टिकलीचे पाय दुखायला लागले होते. कोपर म्हणजे तिला केवढा डोंगर. पण ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पण अलगद, अलगद.

दंडामध्ये, कातडीच्या खाली, मज्जातंतू होता. लांबच लांब. टिकलीने मिशा टेकवल्या. "तंतूभाऊ, तंतूभाऊ, निरोप दे ना.
तंतू निरोप देत नाही,
स्नायू आखडत नाही,
दोरी ओढत नाही,
अंगठा उठत नाही,
दाणा सुटत नाही,
आणि दाणा घेतल्याशिवाय मी घरी जात नाही."

तंतूभाऊ भरभर बोलायचा. भरभर धावायची सवय ना. तो म्हणाला, आम्ही पुष्कळ भाऊ आहोत, एकापुढे एक. पण कुणी कुणाला चिकटत नाही. मध्ये फट असते, केसाहूनही बारीक. एक भाऊ फटीत थेंब सोडतो, टप्प. पुढचा तो झेलतो आणि धावतो, सण्ण. असा निरोप जातो. टप्प, सण्ण. टप्प, सण्ण.

"निरोप द्यायला आम्ही मुंग्या मिशा टेकवतो, तुम्ही थेंब सोडता," टिकली म्हणाली. "मग सोड ना थेंब."

"मी नाही सोडायचा. मेंदू हुकूम करतो, तेव्हा मी निरोप देतो. जा, मेंदूला सांग."

टिकली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पण अलगद, अलगद. खांदा चढली. मान चढली. कानामागून वर गेली.

इतक्यात मशीन थांबलं.

टिकली जागीच थबकली. झाला की काय ब्लाऊज? आईने दोरा चाटला. सुईत ओवला. आणि मशीन पुन्हा सुरू झालं. खट खट खट. टिकलीने श्वास सोडला आणि ती भराभरा केसांत शिरली.

डोक्याच्या आत, कातडीच्या खाली, हाडाच्याही खाली, मेंदू होता. रेवूचं स्वप्न बघत बसला होता. टिकलीने मिशा टेकवल्या. "मेंदूआजोबा, मेंदूआजोबा, हुकूम करा ना.
मेंदू हुकूम करत नाही,
तंतू निरोप देत नाही,
स्नायू आखडत नाही,
दोरी ओढत नाही,
अंगठा उठत नाही,
दाणा सुटत नाही,
आणि दाणा घेतल्याशिवाय मी घरी जात नाही."

मेंदूआजोबा सावकाश म्हणाले, "मी नाही हुकूम करायचा. मी इथे आत, अंधारात. बाहेर काय चाललंय, मला काय ठाऊक? कातडी खबर देते, तेव्हा मी हुकूम करतो. जा, कातडीला सांग."

टिकली म्हणाली, "जाते. पण कातडीमावशी राहते कुठे?"

"तू उभी आहेस ना, तिथेच," मेंदूआजोबा म्हणाले.

टिकलीने खाली पाहिलं. पायाखाली कातडी. मागे पाहिलं. मानेवर कातडी, खांद्यावर कातडी, हातभर कातडी. अंगठ्यापासून इथवर ती कातडीवरूनच आली होती. टिकली जीभ चावायचीच राहिली.

तिने मिशा टेकवल्या. "कातडीमावशी, कातडीमावशी, खबर दे ना.
कातडी खबर देत नाही,
मेंदू हुकूम करत नाही,
तंतू निरोप देत नाही,
स्नायू आखडत नाही,
दोरी ओढत नाही,
अंगठा उठत नाही,
दाणा सुटत नाही,
आणि दाणा घेतल्याशिवाय मी घरी जात नाही."

कातडीमावशी दचकली. म्हणाली, "अगं बाई, तू आलीस कधी?"

"मघाशीच. अंगठ्यापासून चालत आले."

"मला कळलंच नाही. तुझा पाय लागला नाही, तर मी खबर कसली देऊ?"

टिकलीने आपल्या पायांकडे पाहिलं. पाय लागू द्यायचा नाही, हीच तर घरची रीत. तीच तिने इतकी छान पाळली होती. आणि म्हणूनच कुणी हललं नव्हतं.

मावशीने विचारलं, "चावतेस का? चावलीस तर खबर लगेच जाते."

"नको," टिकली म्हणाली. "रेवू रडेल. लाडू तिचाच होता ना."

"मग नाच," मावशी म्हणाली. "पण इथे नको. अंगठ्यावर जा आणि तिथे नाच. मला नीट कळेल असं नाच."

म्हणजे परत सगळं उतरायचं. टिकलीने पाय झटकले. झटकले आणि धावली. केसांतून कानामागे. कानामागून मानेवर. मानेवरून खांद्यावर. दंड, कोपर, मनगट. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु.

ती मनगटावर होती, तेव्हा मशीन थांबलं. या वेळी पुन्हा सुरू झालं नाही. आईने दोरा कातरला, कट्. खुर्ची सरकवली. कोपऱ्यातला झाडू घेतला. सर्र सर्र. केर काढायला लागली.

टिकली अंगठ्यावर पोचली. आता चापट आली तर? येऊ दे. तिने पाय उचलला आणि चक्क लागू दिला. मग दुसरा. मग तिसरा. मग सहाच्या सहा. थुई थुई. थुई थुई. थुई थुई थुई थुई.

आणि मग बघ काय झालं.

कातडीने खबर दिली. गुदगुल्या, गुदगुल्या.
खबर वर गेली. टप्प, सण्ण.
मेंदूने हुकूम केला. हलव अंगठा.
तंतूने निरोप दिला. टप्प, सण्ण.
स्नायू आखडला. सर् सर् सर्.
दोरीने ओढलं. तटकन.
अंगठा उठला. टुणकन.
आणि दाणा सुटला.

सांगायला मला एवढा वेळ लागला. व्हायला पापणी लवण्याइतकाच लागला.

टिकली उडाली. भिर्रर्र. चटईवर पडली. टुप. तशीच उठली. दाण्याकडे धावली. धरला. उचलला. डोक्यावर घेतला. दाणा तिच्याहून मोठा होता. तरी ती निघाली.

सर्र सर्र. झाडू जवळ आला. सर्र सर्र. झाडू अगदी जवळ आला. भिंत अजून लांब होती. टिकली डुलत डुलत चालली होती, पण थांबली नाही. दाणाही टाकला नाही.

रेवूने डोळे उघडले. अंगठ्याला गुदगुल्या कशाने झाल्या, ते बघायला लागली. तिला दिसला चालता दाणा. नीट पाहिलं, तर दाण्याखाली मुंगी.

रेवूने हात पुढे केला. मुंगीच्या आणि झाडूच्या मध्ये उभा धरला. अंगठा वर, ताठ.

"आई, थांब. मुंगी जातेय."

"अगं, मग मी केर कधी काढू?" आई म्हणाली.

"ती घरी गेली की."

आईने कमरेवर हात ठेवला. झाडू धरून उभी राहिली. रेवू पालथी पडून बघत राहिली. टिकली चालली. तुरुतुरु, तुरुतुरु. चटई संपली. फरशी संपली. भिंत आली. फट आली. दाणा अडकला. टिकलीने डोक्याने रेटला. हंऽऽ. दाणा आत गेला.

मग आईने केर काढला.

फटीत बाळ वाटच बघत होतं. टिकलीने त्याला दाणा भरवला. मच मच मच. बाळ खाऊन गप्प झोपलं.

ताया जमल्या. त्यांनी विचारलं, "एवढा उशीर का? कुणाच्या अंगाला पाय तर लागू दिला नाहीस ना?"

"लागू दिला," टिकली म्हणाली. "सहाच्या सहा लागू दिले."

ताया तिच्याकडे बघतच राहिल्या. मग सगळ्यांत मोठ्या ताईने आपल्या मिशा टिकलीच्या मिशांना टेकवल्या, आणि उद्याची पाळीही तिलाच दिली.

झाली टिकलीची गोष्ट. आता तुझा हात इकडे आण. ठेव माझ्या मांडीवर. अंगठा झोपव. अगदी गाढ. डोळे मीट. आता सांग मला, हातावर काय चाललंय? तुरुतुरु, तुरुतुरु. नाही कळत? मग आता? थुई थुई, थुई थुई.

बघ, उठला अंगठा.