देगेजवळचा पहारा

“…माझी पाठ वळली की माग थांबतात. मग मी पाठ वळवायची तरी कशी, बाबा?”

पैठणीच्या कारखान्याचे मालक मुरलीधरशेठ दर्ग्याच्या भटारखान्यात बसून विचारीत होते. समोर वृद्ध फकीर बुऱ्हाणबाबा सुपात डाळ निवडीत होते.

“मग काय केलेस?”

“विणकरांवर मुकादम ठेवला. मुकादमावर भाचा.”

“आणि भाच्यावर?”

“मी.”

“म्हणजे तुझ्या कारखान्यात तिघे काही काम करीत नाहीत, एवढे नक्की.”

शेठ हसले नाहीत. “आळस माणसाच्या रक्तातच असतो, बाबा. चोरीही. म्हणून जरीसाठी रोज सुटताना झडती घेतो. काल धोंडिबा साळ्याने ती दिली, टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, उद्यापासून येत नाही. अर्धी पैठणी मागावर आहे. त्याच्या हातचा मोर… तो दुसऱ्या कुणाला उतरत नाही.”

मोराचे नाव घेताना त्यांचा आवाज नकळत मऊ झाला होता.

बाबांनी त्यांच्या हाती डाव दिला. “पंगत बसली आहे. आधी वाढ.”

शेठ चुलीवरच्या मोठ्या देगेतून वाढू लागले. खिचड्याचा डाव काठोकाठ भरून येत होता, म्हाताऱ्यांना आग्रह होत होता, कपाळावरचा घाम पुसण्याचेही भान नव्हते.

“हमीद,” बाबांनी सेवेकऱ्याला हाक मारली, “शेठच्या मागे उभा राहा. हातावर लक्ष ठेव. खिशावरही.”

हमीद येऊन उभा राहिला.

शेठचा डाव आता अर्धाच भरून येऊ लागला. एका म्हातारीने पुन्हा वाडगा पुढे केला, तेव्हा त्यांनी आधी हमीदकडे पाहिले.

मग डाव देगेतच सोडून दिला.

“मी चोर आहे का, बाबा?”

“आत्ता तर आळशीही दिसतोस.”

…

बाबांनी हमीदला खुणेने दूर केले. सूप उचलले, देगेकडे पाठ केली आणि ते पुन्हा डाळ निवडू लागले.

शेठ त्या वाकलेल्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी डाव उचलला. देगेचा तळ दिसेपर्यंत ते वाढत होते. बाबा एकदाही वळले नाहीत.

हात धुऊन शेठ त्यांच्या पायांशी बसले.

“धोंडिबाला आणायला जातो. येईल तो?”

“त्याच्या दारात उभा राहा,” बाबा म्हणाले, “आणि उंबरा ओलांडण्याआधी तुझी झडती दे.”