निवडीचा कातळ

हा सपाट कातळ बघा. याला निवडीचा कातळ म्हणतात. अभयारण्याच्या आत आता काही तोडता येत नाही. पण आमच्या बाया बाहेरच्या बांधांवरून अळंबी आणतात आणि घरी नेण्याआधी पाटी इथं पालथी करतात. तसं का, ते माझ्या आजीनं सांगितलं, तसंच सांगतो.

फार पूर्वी इथं हिरू नावाची म्हातारी होती. तिच्याइतकी अळंब्यांची पारख कुणालाच नव्हती म्हणे. एका श्रावणात ओढ्याला पूर आला, वाडी तुटली, घराघरातली नाचणी संपली. हिरू रानात गेली आणि पाटीभर अळंबी घेऊन आली. याच कातळावर चूल मांडून सगळ्या वाडीसाठी मोठं भांडं चढवलं.

तिची सून ठकी खाली बसून कचरा गोळा करत होती. अळंब्यांचे देठ खुडून टाकले होते, त्यातल्या काहींच्या बुडाशी तिला पिशवीसारखं काही दिसलं. तिच्या माहेरी असल्या छत्र्यांना हात लावत नसत.

"आत्याबाई, ह्या विषारी वाटतात."

"माझ्या पाटीतनं आजवर विष आलं नाही," हिरू म्हणाली आणि वाढायला बसली.

पोरं पानावर वाकली होती. ठकीनं मागचापुढचा विचार केला नाही. लाथेनं भांडं उलथवलं आणि पोरांच्या हातातली पानं ओढून फेकली. तीन दिवसांची उपाशी माणसं तिच्यावर धावून आली. नवऱ्यानं हात उगारला.

"थांब!" हिरू ओरडली. तिनं देठ उचलले, एकेक बोटांनी चाचपला. मग सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरीनं वाचवलं. दोन पावसाळे झाले, मला जवळचं दिसत नाही. लाज वाटली म्हणून बोलले नाही."

आणि तिनं सुनेला पोटाशी धरलं. वाडी त्या दिवशी उपाशीच झोपली. पण सकाळी सगळी उठली. दुपारी ओढाही उतरला, असं सांगतात.

आजही कितीही जाणती बाई असो, ती कातळावर पाटी ओतते आणि घरातल्या धाकट्या सुनेला विचारते, "बघ गं, माझं काही चुकलं का?" चूक काढणारीला नव्या बांगड्या भरतात. गेल्या पावसाळ्यात माझ्या नातसुनेनं माझ्या बायकोची अर्धी पाटी फेकायला लावली. म्हातारी दिवसभर फुगून बसली, आणि संध्याकाळी स्वतःच कासाराकडे गेली.